मलिद्याची कुळकथा

पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ साली बांधले गेले. रेवदंड्याचे त्याच्या सात वर्षे आधीचे, अलिबागचे एकच वर्ष आधीचे आणि पेणचे चौदा वर्षांनंतरचे. उत्तर कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना, म्हणजे बेने इस्रायलांना, आपापल्या गावांत उपासनेसाठी स्वतःच्या वास्तू मिळाल्या त्या अशा एका पिढीच्या अवधीत आणि आजपासून जेमतेम पावणेदोनशे वर्षांपूर्वी. या वास्तूंना ते स्वतः मशीद म्हणत. मुंबईच्या मशीद बंदराच्या नावातली मशीद म्हणजे १७९६ साली मांडवीत उभे राहिलेले त्यांचे पहिले सिनेगॉग, असेही सांगितले जाते. त्याआधी पिढ्यानपिढ्या हा समाज कोकणच्या गावांत तेलाचे घाणे चालवीत, शेती करीत राहिला आणि त्याची सारी उपासना राहत्या घरात होत आली. पुढे मशिदी आल्या, हिब्रू जाणणारे हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, आले, छापील प्रार्थनापुस्तके आली. जुन्या घरगुती रीतींपैकी बऱ्याच गळून गेल्या. एक मात्र गेली नाही. मशिदीच्या आधीपासून घरात होत होती आणि मशीद आल्यावरही होत राहिली, ती रीत म्हणजे मलिदा. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ज्यू समाजात ती या रूपात आढळत नाही. तिचे कूळ शोधायचे, तर पनवेलसारख्या गावापासून सुरुवात करणे योग्य, कारण कोकणचे घर आणि मुंबईची छापील पोथी यांची गाठ पडली ती अशाच गावांत.

मलिद्याचे ताट दिसायला साधे असते. भिजवलेले पोहे, त्यात खवलेला ओला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, बेदाणे, बदामपिस्त्याचे काप. भोवती केळी, सफरचंद, खजूर अशी फळे आणि सुवासासाठी सब्ज्याची पाने किंवा गुलाब. शक्य तर दहा पुरुष जमतात, कारण ज्यू परंपरेत सामुदायिक प्रार्थनेला दहांचे गणपूर्ण मंडळ लागते. ताटाभोवती बसून एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलीया संदेष्ट्याचे, हिब्रू गीत म्हटले जाते. मग इसहाकाने याकोबाला दिलेल्या आशीर्वादाची वचने येतात. झाडाच्या फळासाठी वेगळा धन्यवाद, जमिनीतून येणाऱ्या फळासाठी वेगळा, सुवासासाठी वेगळा. आणि शेवटी ताटातले सगळ्यांना वाटले जाते. प्रसंग अनेक. लग्नाच्या आधी, मुलाच्या सुंतेनंतर, नव्या घरात पाऊल ठेवताना, कोणी लांबच्या प्रवासाला निघताना, कोणी दुखण्यातून उठल्यावर, मागितलेले मिळाल्यावर आणि कधी मागतानाही. या यादीकडे नीट पाहिले, तर जवळजवळ प्रत्येक प्रसंगी ज्याच्यासाठी मागायचे तो स्वतः मागत नाही, हे ध्यानात येते. आठ दिवसांच्या मुलाला मागता येत नाही. तापाने फणफणलेला माणूस अंथरुणात असतो. नवरीसाठी तिच्या घरचे बसतात, प्रवाशासाठी मागे राहणारे बसतात. माझे म्हणणे असे, की मलिद्याचा गाभा इथे आहे. तो दुसऱ्यासाठी प्रार्थना करण्याचा विधी आहे. त्याची आजवर सांगितली गेलेली कुळे ताट कुठून आले ते सांगतात, पण त्या ताटापाशी कोणाचा आवाज कोणासाठी उठतो, याचा उलगडा करीत नाहीत.

पहिले कूळ जेरुसलेमच्या मंदिराचे. बायबलमधल्या लेवीय ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात पिठाचे, तेलाचे आणि धुपाचे अन्नार्पण सांगितले आहे, सातव्यात आभाराचे अर्पण. मलिदा हा त्याच अर्पणाचा कोकणात तगून राहिलेला अंश आहे, ही उपपत्ती समाजाला फार प्रिय राहिली, आणि तिच्यामागची ओढ समजून घ्यायला हवी. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्रायलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. आपले पूर्वज ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातच, मंदिर अजून उभे असताना, मायदेश सोडून निघाले असा त्यांचा सिद्धांत होता. ज्या समाजाच्या ज्यूपणाविषयीच बाहेरून शंका घेतली जाई, त्या समाजाला आपल्या स्वयंपाकघरात मंदिराचा धागा दिसला, तर त्याने तो घट्ट धरावा हे साहजिक आहे. पण पुराव्याला हा धागा पुरा पडत नाही. तोराने, म्हणजे मोशेच्या धर्मग्रंथाने, अर्पण एकाच स्थानाशी बांधलेले आहे. ते घरोघर करायचे नाही. अन्नार्पणाचा काही भाग वेदीवर जाळायचा आणि उरलेला याजकांचा; मलिद्यात वेदी नाही, काही जाळले जात नाही, आणि बेने इस्रायलांत तर कोहेन म्हणजे याजकांचे घराणेच नाही. देवाचा वाटा वेगळा काढून ठेवायचा, ही अर्पणातली मध्यवर्ती क्रिया मलिद्यात नाही. इथे सारे ताट माणसांकडे जाते. मंदिराची आठवण पुढच्या पिढ्यांनी या विधीत भक्तीने पाहिली, हे खरे. विधी तिथून आला, असे म्हणता येत नाही.

दुसरे कूळ शेजाराचे, आणि ते नाकारण्याचे काही कारण नाही. दर्ग्यावर फातिहा पढून वाटला जाणारा मलिदा कोकणच्या मुसलमानांत पूर्वापार आहे. बेने इस्रायलांनी नाव तेच घेतले. एलीयाच्या नावाने होणाऱ्या वार्षिक सोहळ्याला तर ते एलियाहू हन्नाबीचा उरुस म्हणत. मुस्लिम लोकश्रद्धेत पाण्यावर वाट दाखवणाऱ्या ख्वाजा खिज्राची आणि एलीयाची सांगड फार जुनी आहे, आणि गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांपासून आपण वाढलो असे सांगणाऱ्या समाजाला पाण्यातून तारणारा संदेष्टा जवळचा वाटणारच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर उमटलेल्या खुणेला ते एलीयाच्या अग्निरथाच्या घोड्याची टाप मानतात. ज्यू पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, तो तिथे प्रकटला अशी श्रद्धा आहे आणि उरुस त्याच दिवसाचा. त्यांच्या इतर सणांची जुनी नावेही शेजाऱ्यांच्या बोलीतलीच आहेत: दार फालणीचा सण, बिरड्याचा सण, खिरीचा सण. नवस बोलणे आणि तो फेडणे ही तर साऱ्या कोकणची भाषा. गावकऱ्यांसाठी गुरवाने किंवा मानकऱ्याने देवापुढे गाऱ्हाणे घालावे, ही रीत दक्षिण कोकणात आजही ऐकू येते. शेजार असा चारी बाजूंनी होता, आणि त्यातून काही घेतले गेले, यात कमीपणा कसला?

पण घेताना काय बदलले, ते पाहण्याजोगे आहे, आणि शेजाराची उपपत्ती सांगणारे तिथे फार लवकर थांबतात. दर्ग्यावरचा मलिदा गव्हाचा असतो. कुस्करलेल्या पोळीत तूप आणि गूळ घालून केलेला. बेने इस्रायलांनी गहू काढून पोहे घेतले आणि तूप काढून नारळ घेतला. पोहे तर भातपिकाच्या मुलखात सहज मिळणारे, हे झालेच. मला मात्र त्यात धर्मनियमाचा हातही दिसतो. ज्यूंच्या आहारनियमात मांस आणि दूधदुभते एका जेवणात चालत नाही. मलिद्यामागून पंगतीत मटण किंवा कोंबडी येते; तिथे तुपाचा मलिदा चालला नसता. कोकणी ज्यूंच्या रस्स्यात आणि गोडात नारळाचे दूध जागोजाग दिसते, त्यामागेही हे एक कारण सांगितले जाते. शिवाय पोह्यांना चूल लागत नाही. ते पाण्यात भिजवले की झाले. ज्या समाजाने शनिवारी विस्तव पेटवला नाही, घाणा चालवला नाही आणि म्हणूनच ज्याला गावाने शनिवार तेली हे नाव दिले, त्या समाजाच्या हातात शब्बाथ संपतासंपता तयार असू शकेल असा हा पदार्थ आहे. हे अनुमान आहे, लेखी पुरावा नव्हे. पण ते ज्या दिशेला बोट दाखवते, तिथे पुरावा आहे.

तो पुरावा मलिद्यात म्हटल्या जाणाऱ्या शब्दांत आहे. एलियाहूचे गीत, इसहाकाच्या आशीर्वादाने सुरू होणारी वचने आणि सुवासाचा धन्यवाद, हे तिन्ही ज्यू उपासनेत एकत्र कुठे येतात? येमेनपासून पोलंडपर्यंतच्या ज्यू घरांत ते शनिवारी रात्री येतात. शब्बाथ संपल्यावर हवदाला करतात. द्राक्षरसाचा पेला, सुगंधी मसाला आणि दिवा यांवर धन्यवाद म्हणून पवित्र दिवसाला निरोप देतात. त्याच वेळी एलीयाची गीते गातात, कारण तारणाची वार्ता घेऊन येणारा तो, आणि नवा आठवडा तिच्या आशेने सुरू करायचा. आणि त्याच वेळी इसहाकाची वचने म्हणतात, म्हणजे सुरू होणाऱ्या आठवड्यासाठी माणसे एकमेकांना शुभ चिंतितात. मलिद्याचे शब्दांचे कूळ हे असे शनिवारच्या रात्रीचे आहे. मंदिराची वेदी आणि दर्ग्याची फातिहा या दोन कुळांनी ज्याची फोड होत नव्हती, ती बाजू इथे उलगडते: उंबऱ्यावर उभ्या असलेल्या, म्हणजे पवित्र दिवसातून कामाच्या दिवसात, माहेरातून सासरात, आजारातून बरे होण्यात, घरातून प्रवासात पाऊल टाकणाऱ्या माणसासाठी मागे बसलेल्यांनी मागायचे.

या मांडणीवर कालक्रमाचा आक्षेप येईल आणि तो भक्कम आहे. बेने इस्रायलांना अठराव्या शतकापर्यंत हिब्रू जवळजवळ येतच नव्हते. सुंता, शब्बाथ, खाण्याचे नियम, काही उपास आणि शमा हे एक वचन, एवढाच ठेवा त्यांच्यापाशी होता. कोचीनहून आलेल्या डेव्हिड रहाबीने झिराड, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या माणसांना शिकवून काजी नेमले, अशी परंपरा आहे. मग हवदालाची वचने त्यांच्याकडे जुनी कशी असतील? नसतीलच, आणि तसा माझा दावाही नाही. पोह्यांचे ताट, नवस, एलीयाची आठवण हा तळाचा थर. हिब्रू शब्द हा वरचा थर, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कोचीनच्या आणि नंतर बगदादी ज्यूंच्या सहवासातून चढलेला. महत्त्वाचे आहे ते या दोहोंचा सांधा कुठे जुळला ते. नव्याने हाती आलेल्या शेकडो प्रार्थनांतून या ताटासाठी समाजाने नेमक्या कुठल्या निवडल्या? पश्चात्तापाच्या नाहीत, शत्रूच्या नाशाच्या नाहीत, स्वतःच्या पापक्षालनाच्याही नाहीत. एकाने दुसऱ्याला दिलेल्या आशीर्वादाची वचने निवडली. विधीचा आशय आधीच दुसऱ्यासाठी मागण्याचा नसता, तर हे शब्द त्यावर इतके अचूक बसले नसते.

ही निवड कोणत्या काळात घट्ट झाली, ते पनवेलकडे पाहून समजते. १८३० साली बोरघाटाचा रस्ता खुला झाला आणि मुंबईहून पुण्याला जाणारे लोक गलबताने पनवेलला उतरून पुढे गाडीरस्त्याने जाऊ लागले. १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली, देशातल्या फार जुन्या नगरपालिकांपैकी एक. बेथ एल उभे राहिले ते या धामधुमीत. त्याच दशकांत मुंबईत बेने इस्रायल मुले मिशनऱ्यांच्या शाळांत हिब्रू शिकत होती. जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ मधले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके एकामागून एक मराठीत आणली. पोथी मुंबईत छापली जाई आणि घाणा नवगावला किंवा केहिमला फिरे. मधल्या वाटेवर पनवेल होते. पोथी हाती आली तशी समाजाने आपल्या रीतींची झडती घेतली. धूप जाळण्याचे, मुलाचे केस नवसाने राखून त्यांच्या भाराइतके दान देण्याचे प्रकार मागे पडत गेले; विधवेच्या पुनर्विवाहावरचा शेजाऱ्यांकडून आलेला निर्बंध चूक ठरवला गेला. ज्या झडतीत इतके काही टाकून दिले गेले, तिच्यातून मलिदा सुटला. नुसते शेजाऱ्याचे अनुकरण असते, तर तो पहिल्याच फेरीत गेला असता. पोथीने त्याला हात लावला तेव्हा पोथीलाच त्यात आपले काही सापडले, असे मला वाटते.

काय सापडले, ते एलीयाच्या चरित्रात दिसते. राजांच्या पहिल्या पुस्तकात त्याच्या प्रार्थना एकामागून एक येतात. सारफथच्या विधवेच्या घरी तो उतरतो, तिचा मुलगा श्वास थांबून पडतो. एलीया त्या मुलावर पालथा पडून देवाला हाक मारतो आणि मूल जिवंत होते. साऱ्या देशावर अवर्षण असते. कर्मेल डोंगरावर तो जमिनीशी वाकून, गुडघ्यांत डोके घालून बसतो, चाकराला समुद्राकडे सात वेळा पाहायला पाठवतो, सातव्यांदा तळहाताएवढा ढग दिसतो आणि पाऊस येतो. आणि मग, लगेच पुढच्या अध्यायात, ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटलेला हाच माणूस रानात रतामाच्या झुडुपाखाली बसून स्वतःसाठी काही मागतो. तो मरण मागतो. ते त्याला मिळत नाही. मिळते ती भाकर, पाणी आणि पुढच्या वाटेची आज्ञा. आणि ग्रंथ म्हणतो, की त्याला अखेरपर्यंत मरण आलेच नाही, अग्निरथ आला आणि तो वावटळीतून वर गेला. दुसऱ्यांसाठी मागितलेले पदरात पडले, स्वतःसाठी मागितलेले देवाने आपल्या मर्जीने वळवले. ज्याच्या नावाने बेने इस्रायल आपल्या माणसांसाठी मागत बसतात, त्याची कथा अशी आहे. जगभरच्या ज्यूंत सुंतेच्या वेळी एलीयासाठी वेगळी खुर्ची ठेवतात. मुलासाठी मागायला आलेल्यांत तोही एक असतो. कोकणातल्या सुंतेनंतरच्या मलिद्यात त्याचे नाव येते, ते या ओळखीला धरूनच आहे.

तरीही कोणी म्हणेल, की संदेष्ट्याच्या नावाने मागणे म्हणजे एका देवाच्या उपासनेत मध्यस्थ आणणे. हा आक्षेप समाजाच्या आतूनही आला असणार आणि धर्मशिक्षकांना तो टोचणे रास्त आहे. पण मलिद्यातले धन्यवाद कोणाला उद्देशून आहेत, ते ऐकले म्हणजे पुरे. झाडाचे फळ, जमिनीचे फळ, सुवास, प्रत्येक वेळी संबोधन विश्वाच्या राजाला आहे. एलियाहूचे गीत त्याच्या येण्याची आस बाळगते. त्याच्याकडे मूल मागत नाही, बरे करणे मागत नाही. लोकांच्या मनात कधी एलीयाच देता झाला असेल. उरुस हे नाव घेणाऱ्या समाजात तसे होणे शक्य होते. म्हणूनच हिब्रू शब्दांनी घातलेली चौकट मोलाची वाटते: तिने भक्तीचा ओलावा राखला आणि देणारा कोण, ते ठरवून दिले.

नवसाचा आक्षेप याहून अवघड. अमुक दे, मग तमुक करीन, हा देवाशी केलेला सौदा झाला. त्यात श्रद्धा कुठली आणि देवाच्या इच्छेपुढे मान तुकवणे कुठले? बेने इस्रायलांच्या इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध नवस सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांचा. कंपनीच्या फौजेतले हे अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असे बोलले. १७९६ साली मांडवीत ते बांधले, अशी परंपरा आहे. याला सौदा म्हणावे, तर फळ कोणाला मिळाले ते पाहावे. कैदेतल्या एकाच्या सुटकेतून मुंबईतल्या साऱ्या समाजाला एकत्र प्रार्थनेला बसायला जागा मिळाली. मलिद्याच्या नवसातही देवाला काही द्यायचे नसते. ताट जमलेल्यांत वाटायचे असते. आणि पुष्कळदा नवस बोलणारी आई मुलासाठी बोलते, बायको नवऱ्यासाठी बोलते. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात एक विचार आहे: जो स्वतः गरजेत असताना तीच गरज असलेल्या दुसऱ्यासाठी प्रार्थना करतो, त्याला आधी उत्तर मिळते. त्याला आधार अब्राहामाचा. त्याने अबीमलेख राजाच्या घरातल्या स्त्रियांना मुले व्हावीत म्हणून प्रार्थना केली, तेव्हा त्याच्या स्वतःच्या सारेला मूल नव्हते; आणि पुढच्याच अध्यायात तिला इसहाक झाला. हे वाचून दुसऱ्यासाठी मागणे हाच स्वतःचे साधण्याचा मार्ग, असे कोणी समजेल, तर तो अर्थ उलटा लावील. ज्याच्यापाशी नाही त्याने दुसऱ्यासाठी तेच मागण्याइतके मन मोठे करावे, हे त्यातले कठीण काम आहे. स्वतःची कूस रिकामी असताना जी बाई नणंदेच्या मुलाच्या बारशाच्या मलिद्याचा नारळ खवते, तिला ते कोणी समजावून सांगायला नको.

आणि शेवटचा, सगळ्यात मूलभूत आक्षेप. देवाची इच्छाच चालणार असेल, तर मागायचे कशाला? आणि मागितल्याने काही होत नसेल, तर ते सिद्ध करून का पाहू नये? २००६ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांपैकी काहींसाठी अनोळखी लोकांनी ठरावीक शब्दांत प्रार्थना केली. रुग्णांच्या प्रकृतीत प्रार्थनेने सुधारणा झाली नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे खात्रीने ठाऊक असलेल्यांत तर गुंतागुंत थोडी जास्तच आढळली, ५९ टक्के. हा निष्कर्ष जसाच्या तसा मान्य करायला हवा. प्रार्थना औषधासारखी मात्रेने लागू पडते, असे ज्याला वाटत असेल, त्याने तो विचार सोडावा. ज्यू परंपरेने तो कधी धरलाच नव्हता. मिश्ना या ज्यू धर्मग्रंथात व्यर्थ प्रार्थनेची उदाहरणे दिली आहेत: गावात शिरताना आरडाओरडा ऐकू आला आणि माणूस म्हणाला, हे माझ्या घरी झालेले नसो, तर ती व्यर्थ प्रार्थना. एक तर जे घडायचे ते घडून गेले आहे. आणि मला त्यात दुसरीही गोष्ट दिसते: माझ्या घरी नसो म्हणजे शेजाऱ्याच्या घरी असो. प्रार्थनेला दोन मर्यादा एकाच वाक्यात घातल्या गेल्या, देवाने घडवलेल्या वास्तवाची आणि शेजाऱ्याच्या दुःखाची. मोशेने आजारी मिर्यामेसाठी केलेली प्रार्थना हिब्रूत अवघ्या पाच शब्दांची आहे. भाऊ बहिणीसाठी मागत होता, देवाचा सर्वांत जवळचा सेवक मागत होता, आणि तरीही तिला सात दिवस तळाबाहेर राहावे लागलेच. त्या सात दिवसांत लोक पुढे गेले नाहीत; तिच्यासाठी थांबून राहिले. मागण्याने काय होते, याचे उत्तर मला या थांबण्यात दिसते. देव काय करील, ते त्याच्या हाती. तोवर आजारी माणसाला टाकून पुढे जायचे नाही, हे मागणाऱ्यांच्या हाती. अमेरिकेतल्या त्या अभ्यासात प्रार्थना करणारे रुग्णाला ओळखत नव्हते, त्याच्या घरी येणार नव्हते, त्याच्यासोबत खाणार नव्हते. मलिद्याला बसणारे या तिन्ही गोष्टी करतात. दोन्हींना प्रार्थना हे एकच नाव असले, तरी अभ्यासाने मोजले ते आणि पनवेलच्या ताटाभोवती घडते ते वेगवेगळे आहे.

१९४८ नंतर कोकणातली ही घरे झपाट्याने रिकामी झाली. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलांच्या ज्यूपणाबद्दल तिथल्या धर्मपीठाने विवाहाच्या प्रश्नावरून शंका काढल्या, समाजाने निदर्शने केली आणि १९६४ साली त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. लोद, दिमोना, अश्दोद अशा गावांत ते वसले. तिथे मायबोली नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. शेवाटच्या पंधराव्या तिथीला इस्रायलभर झाडांचा सण पाळतात, आणि हे लोक त्या दिवशी मलिद्याची ताटे लावतात. खंडाळ्याची टाप दूर राहिल्याने हायफाला कर्मेल डोंगरातल्या एलीयाच्या गुहेकडे जातात. इकडे पनवेलच्या बेथ एलने २००५ च्या जुलैतला पूर सोसला, पाणी आत शिरून तोराच्या गुंडाळ्यांची हानी झाली. धर्मनियमाप्रमाणे निकामी झालेली गुंडाळी फेकत नाहीत, जाळत नाहीत. माणसाला पुरतात तशी पुरतात. कोकणातल्या लहान मशिदींतून आता दहा पुरुष जमवणे अवघड झाले आहे, आणि दहांशिवाय तोराचे सामुदायिक वाचन होत नाही. त्या वाचनाच्या वेळी आजाऱ्याचे नाव त्याच्या आईच्या नावासह घेऊन करायची प्रार्थनाही मग राहते. मलिद्याचे तसे नाही. दहा असतील तर उत्तम, नसतील तर चौघे बसतात, पोहे भिजवलेले असतात, सब्ज्याची पाने तोडून आणलेली असतात, आणि ज्याच्यासाठी बसायचे त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते.